दया आणि नियम : पादुआतल्या ज्यू विद्यार्थ्याचा दिवस

मागच्या व्याख्यानात आपण सहिष्णुतेच्या कल्पनेविषयी बोललो. त्यावर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला आहे. ते लिहितात, "सर, विवेचन पटलं, पण ही सहिष्णुता डोळ्यांना दिसते कुठे? सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ती नेमकी कुठे भेटते?" प्रश्न आम्हांला फार आवडला. तत्त्वज्ञानाच्या माणसाला अधूनमधून कुणीतरी असं जमिनीवर आणावंच लागतं.

म्हणून आज सिद्धान्त थोडे बाजूला ठेवू आणि एका विद्यार्थ्याचा दिवस बघू. घर सोडून परदेशी शिकायला गेलेला ज्यू विद्यार्थी. काळ सतराव्या शतकाचा, गाव इटलीतलं पादुआ. तो काय खातो, राहतो कुठे, डोक्यावर कोणती टोपी घालतो, शनिवारी काय करतो आणि शेवटी पदवी कशी मिळवतो, एवढंच पाहायचं. बोलण्याच्या ओघात जे हाती लागेल ते खरं.

आधी थोडी पूर्वतयारी करू. ज्यू धर्माचा बराचसा भाग रोजच्या वागण्यात असतो. त्यातल्या तीन गोष्टी आजच्यापुरत्या लक्षात ठेवा. पहिली शब्बाथ. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत काम बंद. विस्तव पेटवायचा नाही, लिहायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही. आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही, बरं का. कोकणात रायगडच्या गावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारी बेने इस्रायली मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांचं नावच 'शनिवार तेली' पाडलं होतं. दुसरी गोष्ट आहार. जनावर ठरावीक पद्धतीनं, त्या कामात तयार झालेल्या माणसानंच कापलेलं हवं, मांस आणि दूध एकत्र चालत नाही, भांडीसुद्धा वेगळी. तिसरी गोष्ट प्रार्थना. एकट्यानं प्रार्थना करता येते, पण तिचे काही भाग असे आहेत की दहा जण जमल्याशिवाय म्हणता येत नाहीत. त्या काळी म्हणजे दहा प्रौढ पुरुष.

आता बघा, या तीन गोष्टी परगावी गेलेल्या एकट्या मुलावर काय आणतात! त्याला पुस्तकं आणि शिक्षक हवेत, ते तर सगळ्यांनाच हवे असतात. याला शिवाय एक स्वयंपाकघर हवं, एक खाटीक हवा आणि आणखी नऊ माणसं हवीत. धर्म पाळायचा तर एकटं राहून भागत नाही. आपली मुलं परदेशी निघाली की आई डबे बांधून देते. इथे डब्याबरोबर निम्मी आळीच बांधून द्यावी लागेल, असा मामला आहे.

आता आपला विद्यार्थी. त्याचं नाव तोबियास कोहेन. जन्म १६५२ चा, फ्रान्समधल्या मेट्झ शहरातला. वडील रब्बी होते, म्हणजे धर्मशास्त्र जाणणारे. १६४८ मध्ये पूर्वेकडे ज्यूंच्या भयंकर कत्तली झाल्या, तेव्हा हे कुटुंब पोलंडमधून पळून आलं होतं. तोबियास लहान असतानाच वडील गेले. मुलगा पुन्हा पोलंडात गेला, क्राकोला शिकला. मग त्याला वैद्यक शिकायचं वेड लागलं.

१६७८ च्या सुमारास तोबियास आणि त्याचा एक मित्र ओडर नदीकाठच्या फ्रँकफर्टला पोचले. तिथल्या विद्यापीठात ज्यू विद्यार्थी घेत नसत. पण ब्रांडेनबुर्गचा राजा, त्या काळच्या भाषेत 'इलेक्टर', फ्रीडरिश विल्हेल्म यानं या दोघांसाठी शब्द टाकला, मदतही देऊ केली. दार उघडलं. राजाची मर्जी असल्यावर आणखी काय हवं, असं कुणालाही वाटेल.

पण प्रत्यक्षात काय झालं ते तोबियासनं स्वतः पुढे आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला सांगितलं आहे. वादसभांमध्ये या दोघांना धर्मावरून डिवचलं जाई. तुमच्या लोकांत आता विद्या उरलीच कुठे, असा एकंदर सूर. उत्तर द्यावं तरी अपमान, न द्यावं तरी अपमान. आणि इतकं सोसून पदवी मिळण्याची चिन्हं नव्हतीच. राजानं प्रवेश दिला होता, पण ज्यू विद्यार्थ्यानं अभ्यासक्रम पुरा केला तर त्याचं पुढे काय करायचं, याचा नियम त्या विद्यापीठात कुणी केलेलाच नव्हता. शेवटी दोघांनी गाशा गुंडाळला आणि इटलीची वाट धरली.

पादुआचं विद्यापीठ १२२२ मध्ये स्थापन झालेलं. १४०५ पासून ते शहर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या ताब्यात होतं. पदवी बिशपच्या अधिकारात दिली जाई. त्यात १५६४ मध्ये पोप चौथे पायस यांनी फर्मान काढलं की पदवी घेणाऱ्यानं कॅथलिक श्रद्धेची शपथ घेतली पाहिजे. झालं! ज्यूंची वाट बंद. पण त्याच वेळी जर्मनीहून येणाऱ्या प्रोटेस्टंट विद्यार्थ्यांचीही वाट बंद झाली. हे विद्यार्थी पुष्कळ होते आणि गाठीला पैसे बांधून येत. त्यांना गमावणं व्हेनिसच्या व्यापारी सरकारला परवडणारं नव्हतं. मधली काही दशकं आडवाटांनी पदव्या दिल्या गेल्या. पुढे १६१६ मध्ये सरकारनं आपल्या अधिकारात एक वेगळं मंडळच नेमलं. त्याच्याकडून पदवी घेताना शपथेची गरज नव्हती. या मंडळाचा दरवाजा प्रामुख्यानं प्रोटेस्टंटांसाठी केला होता, पण ज्यूही त्यातून आत येऊ शकले.

यात दयाबुद्धी किती होती? आमच्या मते फार थोडी. सरकारचा पोपशी झगडा होता, विद्यापीठाचं उत्पन्न होतं, जर्मन विद्यार्थ्यांचा आग्रह होता. पण कारण काहीही असो, नियम झाला. सोळाव्या-सतराव्या शतकांत मिळून दोनशेच्या आसपास ज्यू विद्यार्थी पादुआतून वैद्यकाचे पदवीधर झाले.

चला, आता दिवस बघू.

सकाळ उजाडते ती गेटोत. पादुआमध्ये १६०३ पासून ज्यूंना एका ठरावीक वस्तीतच राहावं लागे. अरुंद गल्ल्या, जागा वाढवता येत नाही म्हणून वर वर चढवलेले मजले. वस्तीला दरवाजे होते आणि ते रात्री बंद होत. आमचा विद्यार्थी उठतो, सकाळच्या प्रार्थनेला सभागृहात जातो. दहा माणसं? त्यांची चिंता नाही. ज्या भिंतीनं त्याला कोंडलं आहे, तिच्याच आत त्याचे नऊ जण राहतात. खाटीक तिथेच, स्वयंपाकघर तिथेच. ही गंमत म्हणायची की विटंबना, आम्हांला ठरवता येत नाही. गेटो हा तुरुंग होता यात शंका नाही. पण परगावाहून आलेल्या या मुलाला त्या तुरुंगात जेवण मिळत होतं.

मग दरवाजे उघडतात. विद्यापीठाची मुख्य इमारत तिथून चालत काही मिनिटांवर. बाहेर पडताना टोपी घालायची. व्हेनिसच्या राज्यात ज्यूंना ओळखू येईल अशी खूण बाळगणं सक्तीचं होतं. आधी पिवळी टोपी, पुढे लाल. विद्यापीठाच्या ज्यू विद्यार्थ्यांना मात्र यातून सूट होती, त्यांना इतर विद्यार्थ्यांसारखी काळी टोपी घालता येई. टोपीचा रंग म्हणजे क्षुल्लक बाब, असं म्हणू नका. त्या रंगावर रस्त्यात कोण दगड मारणार आणि कोण नाही, हे ठरत असे.

वर्गात भाषा लॅटिन. आता पोलंडाहून किंवा जर्मनीहून आलेला हा मुलगा हिब्रू उत्तम जाणतो, घरी यिडिश बोलतो, पण लॅटिन? ती चर्चची भाषा. त्याच्या शाळेत तिला जागाच नव्हती. ही अडचण ओळखली सोलोमन कोनेल्यानो नावाच्या व्हेनिसच्या ज्यू वैद्यांनी. ते स्वतः पादुआचे पदवीधर. पादुआहून चाळीसेक किलोमीटरवर, व्हेनिसमध्ये, ते अशा मुलांची तयारी करून घेत. लॅटिन, थोडं तर्कशास्त्र, विद्यापीठाच्या रीतीभाती. तोबियासही त्यांच्या हाताखाली शिकला आणि पुढे त्याच्या ग्रंथाला कोनेल्यानोंनी प्रस्तावना लिहिली. परक्या गावी आधी पोचलेल्या माणसानं मागून येणाऱ्याला हात द्यावा, ही जगातली सगळ्यांत जुनी शिष्यवृत्ती आहे.

वर्गातलं सगळंच कडू होतं असं मात्र समजू नका. तोबियासच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधी, १६०६ मध्ये, क्रीट बेटावरून जोसेफ सोलोमन देल्मेदिगो नावाचा पंधरा वर्षांचा ज्यू मुलगा इथे आला होता. गॅलिलिओ तेव्हा पादुआत शिकवत होते. या मुलाला त्यांच्या दुर्बिणीतून आकाश पाहायला मिळालं. पुढे त्यानं आपल्या हिब्रू ग्रंथात गॅलिलिओंचा उल्लेख कसा केला, ठाऊक आहे? 'माझे रब्बी गॅलिलिओ'. धर्मगुरूसाठी राखलेला शब्द त्यानं एका ख्रिस्ती गणितज्ञाला दिला. गुरुशिष्याचं नातं जुळलं की भाषासुद्धा आपली कुंपणं थोडी सैल करते.

शुक्रवार आला की दिवसाची घडी बदलते. डिसेंबरात पादुआला सूर्य आजच्या घड्याळाप्रमाणे साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे दुपारचं काही चालू असलं तरी याचं लक्ष खिडकीतल्या उन्हाकडे. शनिवारी व्याख्यान असेल तर तो ऐकू शकतो, पण टिपण घेऊ शकत नाही. शेजारी लेखण्या करकरताहेत आणि हा हात बांधून बसला आहे. ऐकलेलं डोक्यात साठवायचं, रात्री तारे दिसले की दिवा लावायचा आणि उतरवून काढायचं. विद्यापीठाची घंटा आणि आकाशातला सूर्य, अशी दोन घड्याळं सांभाळत हा मुलगा जगतो.

आता सगळ्यांत अवघड प्रसंग. पादुआचं शरीररचनेचं प्रेक्षागृह सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं, युरोपभर नावाजलेलं. मध्ये खाली टेबल, भोवती वर चढत गेलेले लंबवर्तुळाकार कठडे, त्यांना टेकून दाटीनं उभे विद्यार्थी. टेबलावर प्रेत. ज्यू धर्मात मृतदेह शक्य तितक्या लवकर आणि अखंड दफन करायचा असतो. त्यातून आपल्या विद्यार्थ्याचं आडनाव बघा : कोहेन. म्हणजे पुरोहितांचं घराणं. त्यांना तर जवळचे नातलग सोडून इतर कुणाच्याही प्रेताचा संसर्ग निषिद्ध. ज्या विद्येसाठी घर सोडलं तिचा पहिला पाठच नावातल्या नियमावर येऊन उभा राहतो.

आणि हे प्रेत कुणाचं? फाशी गेलेले गुन्हेगार, बेवारशी परके यांची प्रेतं सरकारकडून येत. ती पुरेनाशी झाली की विद्यार्थ्यांच्या टोळ्या ज्यूंच्या अंत्ययात्रा अडवून प्रेत पळवू पाहत. ज्यू समाजाला आपले मृतदेह सुखरूप दफनभूमीत पोचवण्यासाठी पुन्हा पुन्हा सरकारकडे दाद मागावी लागली, संरक्षणाचे हुकूम मिळवावे लागले. म्हणजे विचार करा. गेटोतून प्रेतयात्रा निघाली आहे, बाहेर विद्यार्थी टपून बसले आहेत आणि त्याच विद्यार्थ्यांबरोबर काळी टोपी घालून उद्या वर्गात बसायचं आहे. ही घालमेल कुठल्याही नियमानं सुटत नाही.

शेवटी पदवी. शपथ नाही, पण फुकट काही नाही. ज्यू पदवीधराला इतरांपेक्षा जास्त खर्च येई. त्यातला एक प्रकार ऐकून हसू येईल. पदवीच्या वेळी त्याला विद्यापीठाच्या मंडळींना आणि विद्यार्थ्यांच्या प्रांतवार मंडळांना मिठाई वाटावी लागे. थोडीथोडकी नव्हे, ३५ पुडे, मिळून १७० पौंड! म्हणजे ७५ किलोच्या पुढे. आपल्याकडे पेढे वाटतो आपण, आनंदानं वाटतो. पण 'पेढे न वाटशील तर बघ' असं म्हटलं की पेढ्याचा दंड होतो.

१६८३ मध्ये तोबियास आणि त्याचा मित्र, दोघंही पदवीधर झाले. फ्रँकफर्टला जे राजाच्या मर्जीनं मिळालं नाही, ते पादुआत सहा-सात दशकं जुन्या एका नियमानं मिळालं.

इथे आम्ही थोडं थांबतो, कारण आजचा मुद्दा इथेच आहे. फ्रँकफर्टला दया होती, नियम नव्हता. पादुआत नियम होता, दया बेताचीच. तोबियासचं आयुष्य घडलं ते दुसऱ्या ठिकाणी. दया करणारा दूर असतो, रोजच्या प्रसंगी हजर नसतो. तो हजर नसला की पाहुण्याला प्रत्येक गोष्टीसाठी नवी विनंती करावी लागते. जेवणासाठी विनंती, सुट्टीसाठी विनंती, टोपीसाठी विनंती. नियम असला की विनंती लागत नाही, माणूस मान वर करून जातो. इमॅन्युएल कांटनं १७९५ च्या आपल्या 'शाश्वत शांतते'वरच्या निबंधात आतिथ्याविषयी लिहिताना हेच बजावलं आहे, की हा प्रश्न भूतदयेचा नाही, हक्काचा आहे. त्याचा हक्क मोठा मर्यादित आहे बरं का. परक्याला कायमचं घरात ठेवून घ्या असं तो म्हणत नाही. आलेल्या परक्याला केवळ परका म्हणून शत्रूसारखं वागवू नका, इतकंच म्हणतो. पण तेवढंसुद्धा तो कुणाच्या चांगुलपणावर सोडायला तयार नाही.

कुणी विचारेल, मग नियम झाला की सगळं झालं का? नाही. तोबियासला पदवी मिळून जेमतेम वर्ष झालं आणि ऑगस्ट १६८४ मध्ये पादुआच्या गेटोवर जमाव चालून गेला. दूर हंगेरीत बुडा शहराला ख्रिस्ती सैन्याचा वेढा पडला होता. तिथले ज्यू तुर्कांना मदत करताहेत अशी अफवा उठली आणि तिचा राग पादुआतल्या शेजाऱ्यांवर निघाला. सरकारनं हस्तक्षेप केला म्हणून वस्ती वाचली. इझाक कांतारिनी या तिथल्याच रब्बी आणि वैद्यांनी या प्रसंगाची हकिकत हिब्रूत लिहून ठेवली आहे. म्हणजे नियम शेजाऱ्याच्या मनापर्यंत पोचतोच असं नाही. तिथे दुसरं काहीतरी लागतं; देल्मेदिगोला दुर्बिणीपाशी जे भेटलं, ते लागतं. पण ते मिळेपर्यंत मुलानं जगायचं कसं, शिकायचं कसं? तेवढ्यापुरता तरी नियम हवाच.

हे आम्ही एवढ्या ठासून का सांगतो, त्याला एक कारण आहे. ते सांगायला आम्हांला थोडा संकोच वाटतो.

तीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका महाविद्यालयात विभागप्रमुख होतो. वर्गात बेने इस्रायली घरातली एक मुलगी होती, हुशार, अबोल. सत्राच्या परीक्षेचा एक पेपर नेमका योम किप्पूरला आला. वर्षातला त्यांचा सर्वांत कडक उपास, प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी लिहिणंही वर्ज्य. ती आम्हांला म्हणाली, "सर, आमची आजी याला दारफाळणीचा सण म्हणते." दारफाळणीचा, म्हणजे दार लावून घरात राहण्याचा. कोकणातल्या बेने इस्रायलींचं हे जुनं मराठी नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आम्हांला त्या नावाचं फार कौतुक वाटलं. आम्ही तिला सणाची माहिती विचारली, तिला चहा दिला आणि म्हणालो, "काळजी करू नकोस, आम्ही बघतो."

आम्ही बोललो कार्यालयात. तेही चांगले लोक होते, म्हणाले, "बघू." कागदावर कुणी काहीच केलं नाही, आम्हीही नाही. तो दिवस आला. पेपर झाला. ती आली नाही, अनुपस्थित ठरली. सहा महिन्यांनी पुन्हा बसली, पास झाली. आम्ही दिलगिरी व्यक्त केली तेव्हा म्हणाली, "सर, तुम्ही प्रयत्न केलात." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

ती परदेशी नव्हती, मंडळी. तिची मराठी आमच्यापेक्षा चोख होती. आपल्याच गावात, आपल्याच भाषेत आम्ही तिला त्या दिवशी परकं केलं, आणि अगदी प्रेमानं केलं. आमच्यापाशी दया होती. पदवी, पद, ग्रंथ सगळं होतं. दोन ओळींचा अर्ज आणि त्यावर एक ठराव एवढं मात्र आम्हांला सुचलं नाही. फ्रँकफर्टच्या राजाविषयी बोलताना म्हणूनच आम्हांला फार टीका करवत नाही.

तोबियास पुढे तुर्कस्तानात गेला, सुलतानांच्या दरबारी वैद्य झाला. १७०७ मध्ये व्हेनिसमध्ये त्याचा हिब्रू ग्रंथ छापला जाऊ लागला, 'मासे तोबिया'. ज्यूंमध्ये विद्या उरलीच कुठे, या फ्रँकफर्टच्या टोमण्याला दिलेलं ते सविस्तर उत्तर होतं. त्यात एक चित्र आहे : एका बाजूला माणसाचं उघडलेलं शरीर आणि शेजारी मजल्यांचं घर. डोकं म्हणजे छप्पर, डोळे म्हणजे खिडक्या, पोट म्हणजे चूल पेटलेलं स्वयंपाकघर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात राहिलेल्या माणसाला शरीर समजावताना घरच आठवावं, हे आम्हांला मोठं बोलकं वाटतं. शेवटी तो जेरुसलेमला जाऊन राहिला आणि १७२९ मध्ये तिथेच वारला.

तर प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं. सहिष्णुता पाहायची असेल तर भाषणं ऐकू नका, आमचंसुद्धा नको. आपल्या जवळच्या वसतिगृहात जा. खानावळीचा फलक वाचा, परीक्षेचं वेळापत्रक वाचा, अर्जाचा नमुना वाचा. दूरच्या गावाहून आलेल्या, वेगळं खाणाऱ्या, वेगळ्या दिवशी उपास करणाऱ्या मुलासाठी तिथे काही लिहिलेलं आहे का, बघा. नसेल आणि तुमच्या हातात थोडा जरी अधिकार असेल, तर 'बघू' म्हणण्याआधी ते लिहून काढा.

पुढच्या वेळी कांटच्या त्या निबंधाचा हा भाग सविस्तर घेऊ. आज इथे थांबतो. नमस्कार.